चांगल्या मालाचे दिवस

कोणत्या दिवशी चांगला माल निघणार, हे आम्हाला पुढे पुढे मशीन चालवणाऱ्या ॲग्नेसच्या चेहऱ्यावरून कळायला लागलं होतं. ती कोटिंगच्या खोलीतून बाहेर आली, ओठ जरा काळसर दिसले आणि आत आपण काय काय केलं हे तिला नीट सांगता आलं नाही, की मी तपासणीच्या मुलींना म्हणायचे, आजची फिल्म आधी तपासायला घ्या. ती फिल्म हमखास चांगली निघायची. हे वाचताना तुम्हाला जसं वाटतंय, तसं तेव्हा आम्हाला वाटलं नाही. रोजच्या कामाच्या ठिकाणी माणूस विचित्र गोष्टींनाही फार लवकर सरावतो.

माझं घर वसईजवळ, गासला. घरची थोडी वाडी, केळी आणि मोगरा. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि वसई पूर्वेच्या एका पॅकिंग फिल्मच्या कारखान्यात लागले. वेफर्सचं पाकीट आतून चंदेरी असतं ना, तसले थर चढवण्याचं काम. नोकरीचा सगळा जन्म मी प्लास्टिकवर पातळ थर पसरवण्यात घालवला. पाहुण्यांना सांगायला त्यात काही नसायचं. मग निवृत्तीच्या जरा आधी त्याच इस्टेटमधल्या एका नव्या, छोट्या कंपनीने मला तपासणी सांभाळायला बोलावलं. तिथे थर द्यायचा होता तो उन्हापासून वीज करणारा. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारला.

सोलर म्हटलं की गच्चीवरचं ते जड, काळंनिळं, काचेचं पॅनल डोळ्यापुढे येतं. ते सिलिकॉनचं. आमचं होतं सेंद्रिय सोलर. सेंद्रिय म्हणजे शेणखतातलं नव्हे, कार्बनच्या संयुगांचं. दोन पदार्थ असतात. एक, ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सोडणारा. दुसरा, तो झेलून पुढे देणारा. दोन्ही एका द्रावणात विरघळवायचे, की शाईसारखं गडद जांभळं पाणी तयार होतं. ते पारदर्शक प्लास्टिकच्या रोलवर पसरायचं, केसाहूनही कितीतरी पातळ, आणि सुकवायचं. वरून आणखी थर, मग धातू, मग सीलबंद करायचं. हातात घेतलं तर जांभळ्या रंगाचा कागद वाटेल. गुंडाळता येतो, तंबूवर शिवता येतो.

सगळी गोम त्या सुकण्यात आहे. सुकता सुकता ते दोन पदार्थ एकमेकांपासून वेगळे व्हायला लागतात. फार लवकर सुकलं तर ते पुरते वेगळे होत नाहीत आणि विजेला वाट मिळत नाही. सावकाश सुकलं तर दोघांच्या वेगवेगळ्या गाठी होतात. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत, तसं त्यांनी गुंतून राहायला हवं. ते गुंतणं ठरतं त्या थोड्या क्षणांत, आणि त्या क्षणांत खोलीची हवा कशी आहे यावर. ऊब किती, ओल किती, प्राणवायू किती. प्राणवायू आणि उजेड एकदम मिळाले की तो जांभळा रंग मरायला लागतो. ओल आत शिरली तरी तेच. आणि आमचा गाळा कुठे, तर वसईत, जिथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि डब्यातलं मीठ पावसाळाभर ओलं.

राजोडीच्या किनाऱ्यावर तंबू लावून पर्यटकांना राहायला देणारे एक गृहस्थ आमच्याकडून पट्ट्या घेऊन गेले होते. संध्याकाळी तंबूत दिवा लागावा एवढीच त्यांची अपेक्षा. पावसाळा सरल्यावर ते पट्ट्या परत घेऊन आले. कडेकडेने रंग उडून फिल्म पाण्यासारखी पारदर्शक झालेली, आणि मधे तळहाताएवढं जांभळं बेट उरलेलं. म्हणाले, “मॅडम, मी रोज बघत होतो. हे बाहेरून आत यायचं. रोज थोडं पुढे. शेवटी शेवटी मी बघणंच सोडलं.”

तर हवेपासून जपायचं, म्हणून आमच्या मशीनभोवती एक काचेची पेटी होती. त्या पेटीत नायट्रोजन सोडलेला असायचा. आपण श्वास घेतो त्या हवेतही बहुतेक नायट्रोजनच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे त्याला कुणी घाबरत नाही. पेटीतून बाहेर पडणारा नायट्रोजन एका नळीतून वर जायचा आणि गच्चीवरचा पंखा तो ओढून बाहेर टाकायचा. पेटीत प्राणवायू किती आहे हे दाखवणारा मीटर होता, आणि केदार सर दिवसभर त्या मीटरकडे बघत असायचे.

केदार सर म्हणजे आमचे शास्त्रज्ञ. सांगलीकडचे, तरुण, परदेशात डॉक्टरेट करून परत आलेले. प्रयोगशाळेतल्या नखाएवढ्या तुकड्यावर विजेचा जो आकडा मिळतो तो कारखान्यातल्या लांब रोलवर मिळवायचा, हा त्यांचा ध्यास होता. जगात अनेक जण त्याच्याच मागे लागलेले आहेत असं ते सांगायचे. ॲग्नेस पाचूबंदरची. घरचे सगळे मासेमारीत. ही एकटी कारखान्यात आली. हात असा स्थिर, की रोल चढवताना फिल्मवर एक सुरकुती पडायची नाही. कोटिंगच्या खोलीत बहुतेक वेळ ती एकटीच असे. धूळ नको म्हणून आत कमीत कमी माणसं ठेवायची, दार घट्ट लावायचं, असा नियम होता.

एका दिवशी डबा खाताना ती मला म्हणाली, “ताई, आत कोन तरी उभं असतं.”

मी विचारलं, “कुठे?”

“माज्या मागं. रोज नाय. कधी कधी. मी वळून नाय बगत. वळायचं मनातच येत नाय.”

“भीती वाटते?”

तिने जरा विचार केला. “नाय ना. तेच सांगते. बरं वाटतं. हात माजे नाय असं वाटतं. दुसरं कोन तरी माज्या हातानं काम करतं, आनि मी बसून बगते.”

मी तिला रक्त तपासून घे म्हटलं. तिने घेतलं, त्यात काही निघालं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या लक्षात यायला लागलं. जेव्हा जेव्हा ती तसं म्हणाली, तेव्हा तेव्हा फिल्म उत्तम निघाली. केदार सरांना मी हे सांगितलं, तर ते हसले नाहीत. ते गंभीरपणे ॲग्नेसला प्रश्न विचारायला लागले. केसांना कोणतं तेल लावलं होतं, सकाळी मासे साफ केले होते का, चर्चला जाऊन मेणबत्तीच्या धुरात बसली होतीस का. ॲग्नेस मला हळूच म्हणाली, “सरांना वाटतं माज्या अंगात काय तरी हाय.”

सरांनी खरोखर सगळं तपासलं. पावसाळी दिवस, कोरडे दिवस, शाईचा घाणा, रोल कुठून आला. कशाशीच मेळ बसेना. चांगला माल आपल्या मर्जीने यायचा आणि जायचा. एकदा तर ॲग्नेसने अख्खा रोल चालवला, मशीन बंद केलं, दार लावलं, बाहेर येऊन बाकावर बसली आणि मला विचारलं, “ताई, रोल चढवायचा ना आता?” मी आत जाऊन पाहिलं. रोल गुंडाळून व्यवस्थित ठेवलेला, एकही डाग नाही. त्या महिन्यातली सगळ्यात चांगली फिल्म ती. बाहेर ॲग्नेस स्वतःच्या तळहातांकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज मीच आत थांबते. सकाळी लाईट जाऊन आली होती. आमच्याकडे ते नेहमीचंच. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मशीनचा आवाज लांब गेल्यासारखा वाटायला लागला. शेजारच्या गाळ्यात कुणी चालवतंय, इतका लांब. जांभळी फिल्म रोलरवरून सरकत होती, आणि मला वाटलं, ही श्वास घेतेय. हे मला अजिबात विचित्र वाटलं नाही. उलट, एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं आपल्या लक्षात कशी आली नाही, असं वाटून हसू आलं. माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं होतं. मी वळले नाही. ॲग्नेस म्हणाली होती ते खरं होतं, वळायचं मनातच येत नाही. रोल संपला म्हणून मी बाहेर आले. तो आणखी लांब असता, तर मी हे लिहायला उरले असते की नाही, सांगता येत नाही. डोकं फुटेल असं दुखत होतं. नवरात्राचे उपास चालू होते, त्यामुळे मी ते उपासावर ढकललं.

मग दसरा आला. दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करायचो. ज्वालाग्राही सगळं आदल्या दिवशीच बाहेरच्या कोठीत हलवलेलं असायचं, तरच दिव्याला परवानगी. काम बंद, पण मशीनच्या पेटीत ओल जाऊ नये म्हणून नायट्रोजन मात्र चालूच ठेवायचा. सकाळी येताना मी वाडीतली फुलं आणली होती. मुलींनी दारासमोर रांगोळी काढली, ॲग्नेसने झेंडूची माळ मशीनच्या काचेवर घातली. ती ख्रिस्ती असली तरी माळ दरवर्षी तिच्याच हातची असायची, कारण मशीन तिचं होतं.

मी बाहेरच्या खोलीत समई लावली आणि हातात धरून आत निघाले. उंबऱ्याच्या आत दोन पावलं गेले असेन. ज्योत बारीक झाली, वातीपासून सुटल्यासारखी वर उचलली गेली आणि विझली. वारा नव्हता. खोलीत फिरणारा पंखाही नव्हता. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी परत बाहेर जाऊन लावली. बाहेर ती छान जळत होती. आत आणली, पुन्हा त्याच जागी तशीच विझली. या वेळी मी समई मशीनपुढे ठेवली आणि तिथेच काडी ओढली. काडीचं डोकं फुर्रकन पेटलं, आणि ज्वाळा लाकडावर उतरायच्या आतच मेली. दुसरी ओढली, तेच झालं. माझ्या बोटांत एक काळं टोक आणि वर जाणारी धुराची रेघ राहिली. मागे कुणीतरी रडायला लागलं. ॲग्नेसने छातीवर क्रूस केला आणि अगदी हळू म्हणाली, “बगा ताई. मी सांगत व्हते.”

मी त्या काडीकडे बघत होते. मला पुन्हा तसंच छान वाटायला लागलं होतं, आणि त्या छान वाटण्याच्या आतून कुठून तरी शाळेतला धडा वर येत होता. काडीच्या डोक्यात स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून ते पेटतं. लाकडाला मात्र हवेतला लागतो. दिवा ज्या हवेत जळत नाही, त्या हवेत आपण उभ्या आहोत.

“सगळ्या बाहेर चला,” मी म्हटलं. “बोलू नका, पळू नका, रस्त्यावर चला.” ॲग्नेसचा हात मी घट्ट धरला होता. रस्त्यावर आल्यावर मी वर पाहिलं. गच्चीवरच्या पंख्याची पाती थांबलेली होती.

इलेक्ट्रिशियनने येऊन पाहिलं तेव्हा सगळं कळलं. लाईट गेली की मशीन आणि नायट्रोजन बॅटरीवर चालू राहायचे. पंखा मात्र बंद पडायचा आणि लाईट आल्यावर आपोआप सुरू व्हायचा नाही. गच्चीवर जाऊन त्याचं बटण दाबावं लागायचं. लाईट गेल्यामुळे तो थांबतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या काही कामासाठी कुणी वर गेलं आणि पंखा बंद दिसला, तर बटण दाबून यायचं, एवढंच. तोवर पेटीतला नायट्रोजन त्या बंद खोलीत साठत राहायचा. पेटीतली हवा मोजणारा मीटर होता. खोलीतली हवा मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

नायट्रोजनचं भय हे, की तो घुसमटवत नाही. आपल्याला घुसमटल्यासारखं होतं ते छातीत कोंडलेल्या वाईट हवेने, कार्बन डायऑक्साइडने. इथे ती बाहेर पडतच असते, त्यामुळे शरीर काही बोलत नाही. प्राणवायू कमी होत जातो आणि माणसाला बरं वाटत जातं. मग गुडघे वाकतात. ॲग्नेसच्या मागे उभं राहणारं, माझ्या खांद्यामागचं, ते हेच होतं. आणि फिल्मला मात्र नेमकं हेच हवं होतं. पेटीच्या तोंडाशी, जिथे ओला थर बाहेर येऊन सुकत असे, तिथे पंखा बंद असलेल्या दिवशी प्राणवायू अगदी थोडा असायचा, ओलही. ज्या दिवशी खोली आम्हाला मारायला निघालेली असायची, त्या दिवशी माल सर्वांत चांगला निघायचा.

दुपारी केदार सर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते बाकावर टेकले. मला वाटलं, हादरलेत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, तर तिथे आनंद होता.

“म्हणजे कंडिशन सापडली, मॅडम,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “ॲग्नेस सापडली असती आत, एखाद्या दिवशी.”

“हो, हो. तसं नाही म्हणत मी.” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते ॲग्नेसकडे गेले, तिची माफी मागितली. मग दोन्ही गोष्टी कशा जमतील यावर आम्ही बोललो. पेटी लांब करायची, माणूस बाहेर ठेवायचा, खोलीत अलार्म लावायचा. तोवर पंखा चालू असल्याशिवाय दार उघडायचं नाही. त्यांनी सगळं मान्य केलं. पण पेटी लांब व्हायला काही महिने लागणार होते, आणि पैसे घालणारे बाहेरगावचे काही लोक नमुना बघायला त्याच महिन्यात येणार होते. त्यांना आवडलं नाही तर कंपनी चालणार नव्हती. हे मला माहीत होतं. ते त्यांच्या मनात किती चाललंय, हे मात्र माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात एका दुपारी मी आणि ॲग्नेस गाळ्याबाहेरच्या कट्ट्यावर डबा खात होतो. ॲग्नेसचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, “ताई, आवाज नाय येत.”

दसऱ्यानंतर आमचे कान त्या पंख्याच्या घरघरीवरच असायचे. लाईट होती, तरी तो बंद होता, आणि गप्पांत कधी बंद झाला ते आम्हाला कळलंच नव्हतं. आम्ही आत धावलो. कोटिंगच्या खोलीच्या दाराला काच होती. आत केदार सर मशीनपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. रोल चालू होता. ते मान हलवत होते, जसं कुणाचं तरी बोलणं पटतंय. मी काच ठोकली. ते वळले नाहीत. मग जेवायला पाटावर बसावं तसे ते सावकाश खाली बसले, आणि कुशीवर कलले.

ॲग्नेसने दाराला हात घातला आणि मी तिला मागे ओढलं. अशा खोलीत पहिल्याला वाचवायला जाणारा दुसरा तिथेच पडतो. त्या दसऱ्यानंतर मी एवढंच वाचत बसले होते. काचेपलीकडे ओळखीचा माणूस निजल्यासारखा पडलाय, चेहऱ्यावर हसू आहे, आणि आपण एका बाईचा हात धरून तिला त्याच्याकडे जाऊ देत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत पुन्हा कधी वाट्याला येऊ नये असा तेवढाच वेळ आहे.

“पंखा,” मी म्हटलं. “वर जा, बटण दाब.” ती जिना चढून गेली. मी बोळातला नायट्रोजनचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, बाहेरचं शटर पूर्ण वर केलं. वरून घरघर सुरू झाली. पण खोली भरलेली होती, ती रिकामी व्हायला वेळ लागणार होता. ॲग्नेस धापा टाकत खाली आली. “अजून नको,” मी म्हणाले. तिने काचेतून पाहिलं. “त्यांचं पोट हलत नाय, ताई.” ती शटरपाशी गेली, धाप बसेपर्यंत थांबली, छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघत मान हलवली. मी दार उघडलं.

ती आत गेली, वाकली, सरांच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागली. जाळं ओढतात तशी, मागे मागे पावलं टाकत. उंबऱ्यापाशी येईपर्यंत तिचा चेहरा लालभडक झाला होता, पण तिने तोंड उघडलं नाही. तिथून मी पाय धरले. रस्त्यावर आणून आम्ही त्यांना आडवं केलं. थोड्या वेळाने त्यांनी एक लांब, भेसूर श्वास घेतला. माणसाच्या तोंडून इतका वाईट आणि इतका चांगला आवाज मी ऐकलेला नाही.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी आम्ही त्यांना भेटायला गेलो. ते ॲग्नेसकडे बघून म्हणाले, “तू सांगत होतीस ना, रोल थांबवू नका म्हणून?”

ॲग्नेस म्हणाली, “मी बाहेर जेवत व्हते, सर.”

“नाही. तू माझ्या शेजारी उभी होतीस. माळ होती तुझ्या हातात.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही मला बाहेर का आणलंत? किती छान चाललं होतं.” मग त्यांचे डोळे पाण्याने भरले. आपण काय बोललो हे त्यांना तेव्हा समजलं असावं.

त्या दुपारची फिल्म मी तपासली. आमच्या मशीनवरून त्याहून चांगली फिल्म आधी निघाली नव्हती, नंतरही निघाली नाही. सरांनी त्या दिवशी वेग बदलला होता, ऊब बदलली होती, आणखीही काही केलं असणार. त्यातलं त्यांना एक अक्षर आठवलं नाही. ॲग्नेसचा तो भास सोडला, तर तो सबंध दिवसच त्यांच्या डोक्यातून पुसला गेला होता. ॲग्नेस त्या रोलला हात लावायला तयार झाली नाही. पाहुणे आले, त्यांनी तो रोल बघितला, खूश झाले, आणि म्हणाले, असाच आणखी एक करून दाखवा. आम्ही पंखा चालू ठेवून, दारं उघडी ठेवून, अलार्म लावून पुष्कळ प्रयत्न केले. बरी फिल्म निघायची. तशी निघाली नाही. पुढच्या वर्षी कंपनी बंद झाली. पेटी थोडी लांब व्हायची वाट बघायला कुणी तयार असतं, तर माणसाला बाहेर ठेवून तसाच माल निघाला असता, हे मला आजही पक्कं वाटतं. त्याची हळहळ आहे.

केदार सर आता एका कॉलेजात शिकवतात. गेल्या थंडीत ते लग्नाची पत्रिका द्यायला आमच्याकडे गासला आले. ॲग्नेसलाही मी बोलावून घेतलं होतं. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. तिने घरून तळलेले बोंबील आणले होते. सरांनी तेलाचे प्रश्न तिला विचारले होते, त्याची नक्कल तिने केली, आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. सर सगळ्यांत जास्त हसत होते. हसता हसता ते गप्प झाले, खुर्चीवरून उठले आणि अंगण ओलांडून फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

ॲग्नेस पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यामागे गेली. “सर, पानी घ्या. बरं नाय वाटत काय?”

“तसं नाही, ॲग्नेस,” ते म्हणाले. “एकदम खूप बरं वाटायला लागलं. म्हणून उठलो.”